दुसरा प्रश्न

सुट्टीच्या दिवशी वैमानिकाला कंपनीचा फोन आला, की पलीकडून तीन वाक्यं यायची. पहिलं वाक्य, "कॅप्टन, आज एक जादा उड्डाण आहे, आपण ते स्वेच्छेने घेता का?" हो म्हटलं की दुसरं, "गेल्या बारा तासांत आपली पुरेशी विश्रांती झाली आहे का?" त्यालाही हो म्हटलं की तिसरं, "धन्यवाद, कॅप्टन. नोंद घेतली." झालं. मग गणवेश चढवायचा, बॅग उचलायची आणि निघायचं. फोन रेकॉर्ड व्हायचे, त्यामुळे इकडचा शब्द तिकडे करायची सोय नव्हती. पहिल्याच प्रश्नाला कोणी नाही म्हटलं, तर दुसरा विचारलाच जायचा नाही. विश्रांतीची चौकशी फक्त येणाऱ्याची. न येणारा झोपला काय नि तळमळला काय, कंपनीला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

ही तीन वाक्यं कॅप्टन असलेल्या दादांच्या धाकट्या बहिणीला झोपेतून उठवूनही म्हणता आली असती. नऊ वर्षं ती त्याच ड्यूटी-डेस्कवर बसत होती. नोकरीला लागली त्या पहिल्या आठवड्यात, रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर, 'कॅप्टन' म्हणायच्या जागी ती 'दादा' म्हणून गेली. डेस्कवर हशा पिकला, संध्याकाळपर्यंत गोष्ट विमानतळभर झाली, आणि तेव्हापासून भावाला अख्ख्या कंपनीने दादा करून टाकलं. त्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या कॅप्टन मॅडमसुद्धा त्यांना दादाच म्हणायच्या.

पण गेले अकरा दिवस त्या डेस्कवरून आलेल्या फोनला कोणी हो म्हणत नव्हतं. नव्या करारात कंपनीला महिन्याच्या दहा सुट्ट्यांच्या आठ करायच्या होत्या, आणि वैमानिक तयार नव्हते. संपाला कोर्टाची बंदी होती. पण सुट्टीच्या दिवशी घरी बसायला कोर्टाची बंदी कशी असेल? आणि गंमत अशी, की कंपनीचं दर सहावं विमान उडत होतं ते असल्या सुट्टीतल्या माणसांच्या जिवावर. माणसं घरी बसली आणि फलकावर 'रद्द' हा शब्द दिसायला लागला. पहिल्या दिवशीच्या बैठकीत उभं राहून "सुट्टी ती सुट्टी!" असं गरजले होते ते दादाच. टाळ्याही कडाडून पडल्या होत्या. त्या टाळ्या थांबायच्या आधीच दादा खाली का बसले, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं.

अकराव्या दिवशी दुपारी संघटनेच्या खोलीत पुन्हा बैठक भरली. खोली एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. खुर्च्या बारा आणि माणसं चाळीस, त्यामुळे अर्धे लोक भिंतींना टेकून उभे, खिडकीच्या कट्ट्यावर दोघे. पंखा होता, पण तो स्वतःपुरताच फिरत होता. संघटनेचे चिटणीस स्वतः कॅप्टन असले तरी त्यांना सगळे वकील म्हणायचे, कारण नियमपुस्तकाचं पान न सांगता ते 'नमस्कार'सुद्धा करत नसत.

"सुरुवातीलाच सांगतो," वकील म्हणाले, "मी कोणालाही जादा काम करू नका असं सांगत नाहीये. संघटनेने तसं सांगितलं तर तो संप होतो. तेव्हा प्रत्येकाने आपापला विचार करावा."

"आपापला विचार काय करायचा, तेवढं सांगा म्हणजे झालं," खिडकीतून कोणीतरी म्हणालं. एरवी लोक हसले असते. आज दोघेतिघेच हसले, कारण वकिलांच्या हातात कंपनीचं पत्र होतं आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता.

पत्र त्यांनी वाचून दाखवलं. भाषा गुळगुळीत होती, पण आतली सुरी सगळ्यांना दिसली. वैमानिक म्हणतात, आम्ही थकलोय, सुट्ट्या कमी केल्या तर प्रवाशांच्या जिवाला धोका आहे. उत्तम. पण गेल्या दोन वर्षांत ड्यूटी-डेस्कवरून जादा उड्डाणासाठी हो म्हणणारे चार हजार तीनशे बारा फोन झाले. त्या प्रत्येक फोनवर वैमानिकाला विश्रांतीचा प्रश्न विचारला गेला. आणि 'विश्रांती झालेली नाही' असं किती जणांनी सांगितलं? एकानेही नाही. तेव्हा हा थकवा अकरा दिवसांपूर्वीच कुठून उगवला, हे कोर्टाने विचारावं. सुनावणी उद्या दुपारी तीनला.

 खाली दुकानात कोणीतरी अक्षरांच्या पाटीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय," कॅप्टन मॅडम म्हणाल्या. "तोंडाला सवय लागली होती. विश्रांती झाली का, हो. जेवण झालं का, हो. कोण मनापासून ऐकत होतं?"

"आपले कायदेसल्लागार म्हणतात, एकच उपाय आहे," वकील म्हणाले. "रेकॉर्डिंगला उत्तर रेकॉर्डिंगनेच. एका कॅप्टनने उद्या सकाळी डेस्कचा फोन घ्यायचा आणि रेकॉर्डवर सांगायचं, की पूर्वी मी हो म्हटलं होतं ते खोटं होतं. तारीख सांगून. काय झालं ते सांगून. करारानुसार त्या फोनची प्रत तासाभरात आपल्याला मिळते. प्रतिज्ञापत्र चालणार नाही, कंपनी म्हणेल वकिलाने लिहून दिलं."

"आणि त्या कॅप्टनचं पुढे काय?"

वकिलांनी या वेळी पान सांगितलं नाही. सगळ्यांनाच ते पान माहीत होतं. विश्रांती नसताना विमान उडवलं, वर खोटं सांगून उडवलं, म्हणजे चौकशी होईपर्यंत परवाना जमा. चौकशी सहा महिने चालो की दोन वर्षं. नंतर परवाना परत मिळेलच असंही नाही.

"म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा," कोणीतरी पुटपुटलं.

"मला विचाराल तर फोन उचलायला लागू या," असं म्हणून सहवैमानिक लंबू भिंतीपासून पुढे आला. साडेसहा फुटांच्या आसपासचा माणूस, कॉकपिटमध्ये घडी घालून बसवावा लागायचा. पुढच्या महिन्यात त्याची कॅप्टनपदाची परीक्षा होती. "जादा उड्डाणं घेऊ. कराराचं बोलणं चालू ठेवू. हे रेकॉर्डिंग उकरायला लागले ना, तर तारखेनिशी उकरतील. कोणाकोणाचं काय काय निघेल, सांगता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुला परीक्षेची काळजी पडलीय!" मागून आवाज आला.

"हो, पडलीय! दहा वर्षं उजव्या खुर्चीत बसलोय मी, का पडू नये?"

मग एकच कालवा झाला. कोणी म्हणालं, आता माघार घेतली तर पुढची वीस वर्षं मान वर करायला नको. कोणी म्हणालं, मान वर करायला नोकरी तर पाहिजे. कॅप्टन मॅडम म्हणाल्या, "आवळा देऊन कोहळा काढतात हे लोक. आधी 'मदत करा' म्हणून सुट्टी मागितली, आता मदत केली हाच पुरावा!"   दादा आपल्या बुटांकडे बघत होते, आणि लंबू दादांकडे.

"दादा, तुम्ही काहीतरी बोला," वकील म्हणाले. "तुमच्या शब्दावर लोक घरी बसलेत."

"उद्या बघू," दादा म्हणाले. चाळीस माणसांनी कान टवकारून हे दोन शब्द ऐकले आणि बैठक मोडली.

दादांच्या या 'उद्या बघू'मागची हकीकत अशी होती. चौदा महिन्यांपूर्वी, ओळीने चार दिवस पहाटेची उड्डाणं करून ते सुट्टीवर होते. सकाळी दहाला फोन वाजला. बहिणीने तीन वाक्यांच्या आधी चौथंच एक वाक्य टाकलं. "दादा, घे ना रे, उडवायला माणूस नाही." ते हो म्हणाले. विश्रांती? हो. दुपारी एकचं विमान, एकशे अठ्ठावन्न प्रवासी. वर गेल्यावर त्यांनी नियमानुसार लंबूला पंचवीस मिनिटं डोळे मिटायची परवानगी दिली. एकाने झोपायचं तर दुसऱ्याने टक्क जागं राहायचं, हा नियमाचा आत्मा. समोरून उन्हं येत होती, यंत्रं एका सुरात गुणगुणत होती. पुढचं दादांना आठवतं ते थेट नियंत्रण कक्षाचा आवाज. तो त्यांच्या विमानाचा क्रमांक पुकारत होता, आणि त्या आवाजातल्या घाईवरून कळत होतं की ही काही पहिली हाक नव्हे. "माफ करा, रेडिओचा आवाज कमी राहिला होता," दादा म्हणाले. शेजारी लंबूने डोळे उघडले, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची सरळ केली. नंतर दादांनी वेळा ताडून पाहिल्या. आधीचं उत्तर दोन सदतीसचं, हे दोन अठ्ठेचाळीसचं. अकरा मिनिटं. अकरा मिनिटं ते विमान कोणीच चालवत नव्हतं.

त्या दिवसापासून दादांनी सुट्टीतला एकही फोन घेतला नव्हता. बहिणीला वाटायचं, दादाला आता माज आलाय. त्यांनी तिला ते वाटू दिलं.

खोलीतून उतरताना जिन्यावर लंबूने त्यांना गाठलं. वरच्या पायरीवर उभा होता, त्यामुळे आणखीच उंच दिसत होता.

"दादा, एक विचारू? त्या दिवशी रेडिओचा आवाज खरंच कमी होता?"

दादांनी कठडा धरला. "नव्हता."

"मला वाटलंच. बटण मी बघितलं होतं."

"मग बोलला नाहीस कधी?"

"काय बोलणार? मीही झोपलोच होतो की."

"तू माझ्या परवानगीने झोपला होतास. त्यात तुझा दोष नाही."

"हे तुम्ही म्हणता. परीक्षेच्या आधी चौकशी लागली तर कोण ऐकणार?" लंबू एक पायरी खाली आला. "म्हणून म्हणतोय, मिटवून टाका. तुमच्यासाठी पण म्हणतोय, दादा. खोटं नाही बोलत."

तो खोटं बोलत नव्हता हे दादांनाही कळत होतं. कठडा सोडून ते जिना उतरले.

संध्याकाळी बहीण घरी आली. अकरा दिवसांत पहिल्यांदाच. एरवी दर रविवारी ती भावाकडे जेवायला असायची, पण वाद सुरू झाल्यापासून एक कंपनीच्या खोलीत, एक संघटनेच्या, असं झालं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. वहिनीने दार उघडलं, तिला जवळ घेतलं आणि दोघांना बोलायला मोकळं सोडून स्वयंपाकघरात गेली. बहीण खुर्चीत बसली नाही. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती उभी राहिली.

"दादा, उद्या सकाळी दहाला पहिला फोन तुलाच करायचाय मला. मोठ्या साहेबांनी स्वतः यादीत तुझं नाव वर आणलंय. म्हणाले, भावाने बहिणीला हो म्हटलं की बाकीचे आपोआप येतील."

"आणि भावाने नाही म्हटलं तर?"

"तर तू नाही म्हणालास, हे कोर्टात वाजवतील. संघटनेचा पुढारी म्हणून. हो म्हणालास तर तुझी माणसं तुला जिवंत ठेवणार नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर." तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता. "म्हणून सांगायला आले. उचलूच नकोस. मी 'उत्तर नाही' असं लिहीन आणि पुढचा नंबर लावीन. तूही सुटलास, मीही सुटले."

"तुला साहेब काही बोलतील."

"बोलू देत. अकरा दिवस ऐकतेच आहे. तुझी ती थोर वैमानिक मंडळी परवा मला काय काय बोलली, ऐकायचंय? एकाने फोन उचलून नुसता घोरल्याचा आवाज काढला. रेकॉर्डवर!"

दादा हसले, आणि हसता हसताच त्यांच्या मनात आलं. आत्ता सांगावं. ही समोर उभी आहे, घर आपलं आहे, रेकॉर्ड करणारं कोणी नाही. पण सांगायचं म्हणजे 'घे ना रे' हे तिचं वाक्यही सांगावं लागणार. ठरलेल्या तीन वाक्यांबाहेर वैमानिकाला आग्रह करणं डेस्कवर गुन्हा होता. त्या तारखेचं रेकॉर्डिंग बाहेर निघालं, तर भावाच्या मागोमाग बहिणीचीही मान अडकणार. लहानपणी तिने फोडलेल्या काचेचा मार त्यांनी खाल्ला होता. इथे काच त्यांनी फोडली होती आणि वळ तिच्या पाठीवर उमटणार होते.

"जेवून जा," ते म्हणाले.

"नको. कोणी बघितलं तर आणखी एक भानगड." दारात ती थांबली. "उचलू नकोस हं, दादा."

रात्री दादांना झोप लागली नाही. पहाटे लागेल असं वाटलं, तीही लागली नाही. सकाळी वहिनीने चहा पुढे ठेवला आणि समोर बसली. ती अकरा मिनिटं त्यांनी जगात फक्त तिला सांगितली होती, तीही वर्षभराने.

"काय करणार आहात?" तिने विचारलं.

"चार हजार वेळा लोक हो म्हणाले. त्यातला एक खोटं बोलला हे मला पक्कं माहीत आहे. बाकीच्यांचं त्यांना माहीत."

"आणि ताई?"

"तेच तर." त्यांनी कप फिरवला. "तिला न विचारता बोलणं म्हणजे तिला खड्ड्यात ढकलणं. विचारलं तर ती हो म्हणेल. नाही म्हणायची सवय आमच्या घरात कोणालाच नाही, त्यातूनच तर हे झालं."

"आणि नाही बोललात तर सुट्ट्या आठ होतील," वहिनी म्हणाली. "मग अकरा मिनिटं दुसऱ्या कोणाची तरी असतील." एवढं बोलून तिने कप उचलले. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने विमानाबद्दल व्यक्त केलेलं हे पहिलंच मत होतं.

दहाला एक मिनिट कमी असताना फोन टेबलावर होता. दहाला वाजला. पडद्यावर डेस्कचा नंबर. एक. दोन. तिन्ही बाजूंनी सोय होती. उचलायचा नाही, बहीण सुटते, लंबू सुटतो, आपणही सुटतो. तीन. चार. पाचव्याला पलीकडून फोन ठेवला जातो हे दादांना ठाऊक होतं. त्यांनी उचलला.

 मग बहिणीचा आवाज, कोरडा, सरळ. "कॅप्टन, आज एक जादा उड्डाण आहे. आपण ते स्वेच्छेने घेता का?"

नाही म्हटलं तर फोन इथेच संपतो. दुसऱ्या प्रश्नापर्यंत जायचं तर पहिल्याला हो म्हणावंच लागतं. 'सुट्टी ती सुट्टी' म्हणून गरजलेल्या माणसाने डोळे मिटून घेतले.

"हो. स्वेच्छेने."

 तिच्यामागे कोणीतरी पुरुषी आवाजात "वा!" म्हणालं. साहेब शेजारीच उभे असावेत.

"गेल्या..." तिचा आवाज घसरला, तिने तो सावरला. "गेल्या बारा तासांत आपली पुरेशी विश्रांती झाली आहे का?"

"नाही," दादा म्हणाले. "झालेली नाही. म्हणून मी हे उड्डाण करू शकत नाही. आणि हेही नोंदीत घ्या. चौदा महिन्यांपूर्वी, दहा तारखेला, मला हाच प्रश्न विचारला होता. मी हो म्हणालो. ते खोटं होतं. त्या दुपारी दोन सदतीस ते दोन अठ्ठेचाळीस मी विमानात झोपलो होतो. विमानात एकशे अठ्ठावन्न प्रवासी होते. नियंत्रण कक्षाला मी रेडिओचा आवाज कमी होता असं सांगितलं, तेही खोटं. सहवैमानिक नियमानुसार, माझ्या परवानगीने विश्रांती घेत होता. त्याचा दोष नाही. दोष माझा आहे."

बहिणीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. तेवढं एक ते गाळणार होते. सगळंच खरं बोलायचा मक्ता त्यांनी घेतला नव्हता.

 साहेबांचा आवाज आला, "फोन ठेवा. ठेवा आधी!" नऊ वर्षांत तिने वरिष्ठाचा शब्द कधी मोडला नव्हता.

"कॅप्टन," ती म्हणाली, "त्या दिवशी डेस्कवर मी होते. प्रश्न विचारायच्या आधी मी आपल्याला आग्रह केला होता. माझे शब्द होते, 'दादा, घे ना रे, उडवायला माणूस नाही.' आपला आवाज थकलेला होता, ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी विचारलं. हे मी माझ्या नावावर नोंदवते आहे."

"अगं..." दादा म्हणाले. त्यांना रडू आलं होतं.

तिसरं वाक्य बाकी होतं. ते म्हटल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. तिने नाक ओढलं, आणि नऊ वर्षांच्या सवयीचा तो सरळ आवाज पुन्हा लावायचा प्रयत्न केला, पण तो लागला नाही.

"धन्यवाद, दादा," ती म्हणाली. "नोंद घेतली."